एका टेबलातल्या कोणत्या ओळी दुसऱ्या टेबलात नाहीत: खोट्या शून्याला न फसता शोधण्याची पद्धत

एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालली, एरर आली नाही, उत्तरात शून्य ओळी आल्या. म्हणजे काहीच सुटलेलं नाही, असं समजून बहुतेक जण पुढच्या कामाला लागतात. या कामातली सगळ्यात मोठी अडचण नेमकी हीच आहे: इथे चुकलेली क्वेरी ओरडत नाही. ती शांतपणे रिकामं उत्तर देते, आणि सगळं ठीक असतं तेव्हाचं बरोबर उत्तरही अगदी तसंच दिसतं. म्हणून खालच्या क्रमात क्वेरीइतकीच जागा तिच्या आधीच्या तयारीला आणि नंतरच्या तपासणीला दिली आहे.

उदाहरणासाठी दोन टेबलं घेऊ. ‘ऑर्डर्स’ या टेबलात ऑर्डर_क्र (प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख), तारीख आणि रक्कम हे कॉलम आहेत. ‘बिल्स’ मध्ये बिल_क्र (प्रायमरी की), ऑर्डर_संदर्भ, स्थिती आणि पेमेंट_तारीख आहेत. काही बिलं ऑर्डरशिवाय थेट निघतात, त्यामुळे त्यांच्या ऑर्डर_संदर्भात नल (म्हणजे किंमत भरलेलीच नाही) असतो. ही एक साधी गोष्ट पुढे बराच गोंधळ घालणार आहे. क्वेऱ्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीचे कीवर्ड वापरा.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

‘बिल नसलेल्या ऑर्डर शोधा’ हे वाक्य पुरेसं नाही. रद्द झालेलं बिल म्हणजे बिल आहे की नाही? महिनाअखेरीच्या ऑर्डरचं बिल पुढच्या महिन्यात निघालं तर ते धरायचं का? अर्धवट रकमेचं बिल चालेल का? हे ठरवल्याशिवाय लिहिलेली क्वेरी कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर देईल, पण ते तुमच्याच प्रश्नाचं असेल याची खात्री नाही.

वाक्य असं हवं: ‘मार्च महिन्यात आलेल्या ज्या ऑर्डरचं रद्द नसलेलं एकही बिल, कोणत्याही तारखेचं, अस्तित्वात नाही, त्या ऑर्डर.’ यात तारखेची अट फक्त ऑर्डरवर आहे, बिलावर नाही. दोन्ही टेबलांना तोच महिना लावण्याची सवय असते, आणि मग ३१ तारखेच्या ऑर्डर उगाच ‘सुटलेल्या’ म्हणून यादीत येतात.

दिशाही ठरवा. ‘ऑर्डर आहे, बिल नाही’ आणि ‘बिल आहे, पण त्याची ऑर्डरच नाही’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही हवे असतील तर दोन क्वेऱ्या लिहा. फुल आउटर जॉइनने (दोन्ही टेबलांतल्या जुळलेल्या आणि न जुळलेल्या सगळ्या ओळी देणारी जोडणी) एकाच दमात दोन्ही मिळतात हे खरं, पण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तो नाही, एसक्यूलाइटमध्ये ३.३९ आवृत्तीपासून आला, आणि त्यात अटी नेमक्या कुठे घालायच्या हे बहुतेकांचं चुकतं. दोन क्वेऱ्या वाचायलाही सोप्या पडतात.

## टप्पा २: जुळणीच्या कॉलमांची तपासणी

या टप्प्यावर घाई करू नका. मुख्य क्वेरी मोजक्या ओळींची आहे; वेळ जायला हवा तो इथे.

नल किती आहेत? दोन्ही बाजूंना मोजा:

    सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम बिल्स
    व्हेअर ऑर्डर_संदर्भ इज नल;

आकडा शून्य आला तरी कॉलमवर नॉट नल ही बंधनाची अट आहे का ते बघा. अट नसेल तर आजचा शून्य उद्याची हमी देत नाही.

डुप्लिकेट आहेत का? एका ऑर्डरची दोन बिलं असू शकतात. त्याने ‘नसलेल्या’ ओळींची यादी बिघडत नाही, पण मोजणीचा ताळमेळ बिघडतो. ‘ऑर्डर १००० आणि बिलंही १०००, म्हणजे सगळं जुळलं’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे. ५० ऑर्डरची दोन-दोन बिलं असतील आणि ५० ऑर्डरचं एकही नसेल, तरी बेरीज १०००च येते.

डेटाचा प्रकार एकच आहे का? एकीकडे आकडा आणि दुसरीकडे मजकूर असेल तर प्रत्येक डेटाबेस वेगळं वागतो. पोस्टग्रेस सरळ एरर देतो आणि थांबतो; ते बरंच. मायएसक्यूएल मात्र मजकुराचा दशांश आकडा करून तुलना उरकतो. त्यात मोठ्या आकड्यांची अचूकता जाऊ शकते आणि मजकुराच्या कॉलमवरचा इंडेक्सही (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची) वापरला जात नाही. सुरुवातीच्या शून्यांकडेही लक्ष द्या: ००१२३ आणि १२३ हे आकडे म्हणून एकच आहेत, मजकूर म्हणून नाहीत.

न दिसणारी अक्षरं. मजकुराच्या कीच्या (जुळणीसाठी वापरलेल्या किंमतीच्या) शेवटी राहिलेली मोकळी जागा हा नेहमीचा गुन्हेगार. एसक्यूएल सर्व्हर बरोबरीची तुलना करताना शेवटच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतो, पोस्टग्रेस टेक्स्ट आणि व्हारकॅरमध्ये करत नाही. त्यामुळे एका डेटाबेसमध्ये जुळणारा डेटा दुसऱ्यात हलवल्यावर ‘सुटलेला’ दिसू लागतो. वेब पानावरून किंवा एक्सेलमधून चिकटवलेल्या मजकुरात साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस असू शकते, आणि साधं ट्रिम ती काढत नाही. शंका असेल तर अक्षरांची लांबी आणि बाइटची लांबी शेजारी शेजारी काढून बघा. दिसायला सारख्या दोन कींच्या लांब्या वेगळ्या निघाल्या की चोर सापडला.

मराठी मजकुरावर जुळणी करत असाल तर आणखी एक. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेतांकाने लिहिता येतं किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. डेटाबेस बाइट तपासत असेल तर त्याच्या लेखी वेगळे. पोस्टग्रेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून यासाठी नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. पण खरं सांगायचं तर नावांवर जुळणी करूच नये. क्रमांक असेल तर क्रमांकच वापरा.

लहान-मोठी अक्षरं. रोमन अक्षरांतल्या कोडसाठी हे लागू. मायएसक्यूएलचं मूळ कोलेशन (मजकुराची तुलना कशी करायची याचे नियम) लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही. पोस्टग्रेस आणि ऑरॅकल मूळ सेटिंगला करतात.

> तपासा: दोन्ही बाजूंच्या दहा-दहा कीज काढून डोळ्यांनी बघा. कॉलमचं नाव सारखं आहे म्हणून आतला मजकूरही एकाच पद्धतीचा असेल असं धरू नका.

## टप्पा ३: मुख्य क्वेरी नॉट एक्झिस्ट्सने लिहा

पर्याय तीन-चार आहेत. माझं मत स्पष्ट आहे: दुसरं काही करण्याचं ठोस कारण नसेल तर हीच पद्धत वापरा.

    सिलेक्ट ऑ.ऑर्डर_क्र, ऑ.तारीख, ऑ.रक्कम
    फ्रॉम ऑर्डर्स ऑ
    व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
        सिलेक्ट १
        फ्रॉम बिल्स बि
        व्हेअर बि.ऑर्डर_संदर्भ = ऑ.ऑर्डर_क्र
    );

प्रत्येक ऑर्डरसाठी ‘हिच्याशी जुळणारं एक तरी बिल आहे का?’ असा प्रश्न विचारला जातो. उत्तर हो किंवा नाही. तिसरं काही नाही. बिलांमधले नल कोणत्याच ऑर्डरशी जुळत नाहीत आणि आपोआप बाजूला पडतात. आत सिलेक्ट १ लिहा, तारा (*) लिहा, काहीही लिहा, फरक पडत नाही.

आता टप्पा १ मधल्या अटी घाला. बिलासंबंधीच्या अटी कंसाच्या आत, ऑर्डरसंबंधीच्या बाहेर. रद्द बिलं वगळायची म्हणून आत ‘अँड बि.स्थिती <> 'रद्द'’ असं जोडाल, आणि इथे पुन्हा नल आडवा येतो. स्थिती भरलेलीच नाही अशा बिलासाठी ही तुलना खरी ठरत नाही, ते बिल मोजलं जात नाही, आणि त्याची ऑर्डर सुटलेली म्हणून यादीत येते. स्थिती रिकामी असलेली बिलं धरायची असतील तर तसं स्पष्ट लिहा:

    अँड (बि.स्थिती <> 'रद्द' ऑर बि.स्थिती इज नल)

कंस विसरू नका. ते नसतील तर ‘ऑर’मुळे जुळणीची अटच निकालात निघते. मग स्थिती रिकामी असलेलं एक बिल कुठेही असलं तरी प्रत्येक ऑर्डरला ‘बिल आहे’ असं उत्तर मिळतं.

जुळणी दोन-तीन कॉलमांवर असेल तर आत तितक्या बरोबरीच्या अटी लिहा. त्यातल्या एखाद्या कॉलमात दोन्हीकडे नल असेल आणि तो ‘जुळला’ असं धरायचं असेल तर साधं बरोबरीचं चिन्ह चालणार नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते २०२२च्या आवृत्तीत आलं, आणि मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी <=> हे चिन्ह आहे.

## टप्पा ४: नॉट इन का टाळायचं, ते नीट समजून घ्या

वाचायला ही क्वेरी सगळ्यात सरळ वाटते:

    सिलेक्ट ऑर्डर_क्र फ्रॉम ऑर्डर्स
    व्हेअर ऑर्डर_क्र नॉट इन
        (सिलेक्ट ऑर्डर_संदर्भ फ्रॉम बिल्स);

बिल्समध्ये एका जरी ओळीत ऑर्डर_संदर्भ नल असेल, तर या क्वेरीचं उत्तर कायम रिकामं येतं. एकही ओळ नाही, आणि हा कोणा एका डेटाबेसचा दोष नाही. एसक्यूएलच्या नियमाने तेच बरोबर आहे.

कारण असं. आतल्या यादीत ५०१, ५०२ आणि नल आहेत असं धरा. ऑर्डर ५०३ साठी डेटाबेस विचारतो: ५०३ हा ५०१ पेक्षा वेगळा आहे? हो. ५०२ पेक्षा? हो. नलपेक्षा? नल म्हणजे माहीत नसलेली किंमत. ती ५०३ असूही शकते, म्हणून उत्तर ‘माहीत नाही’. तिन्ही उत्तरं ‘अँड’ने जोडली की एकूण उत्तरही ‘माहीत नाही’. व्हेअर फक्त ‘हो’ला आत घेतं, त्यामुळे ५०३ बाहेर. ५०१ तर यादीतच आहे, म्हणजे तीही बाहेर. उरलं काय? काहीच नाही.

‘इन’ला हा त्रास होत नाही. एक जुळणी सापडली की त्याचं काम झालं, यादीत नल असो वा नसो. म्हणूनच लोक फसतात: ‘इन’ने बिल असलेल्या ऑर्डर अचूक मिळतात, आणि ‘नॉट’ लावल्यावर उरलेल्या मिळतील असं वाटतं. तसं होत नाही.

आतल्या क्वेरीत ‘व्हेअर ऑर्डर_संदर्भ इज नॉट नल’ घातलं की उत्तर बरोबर येतं. पण ती ओळ निरुपयोगी समजून पुढे कोणीतरी काढून टाकतं, आणि क्वेरी पुन्हा मुकी होते.

नॉट इनसोबत आणखी एक सापळा हमखास येतो, आणि तो जास्त भयंकर आहे. घाईत आत चुकीचं कॉलमनाव लिहिलं गेलं:

    व्हेअर ऑर्डर_क्र नॉट इन
        (सिलेक्ट ऑर्डर_क्र फ्रॉम बिल्स)

बिल्समध्ये ऑर्डर_क्र नावाचा कॉलमच नाही. एरर यायला हवी, पण येत नाही. आतल्या टेबलात नाव सापडलं नाही की डेटाबेस बाहेरच्या टेबलात शोधतो, आणि ऑर्डर्समध्ये तो कॉलम आहेच. मग प्रत्येक ऑर्डर स्वतःशीच ताडून बघितली जाते आणि उत्तर रिकामं येतं.

> इशारा: हीच चूक डिलीट करताना ‘इन’सोबत झाली, तर ऑर्डर्समधल्या सगळ्या ओळी पुसल्या जातात, बिल्समध्ये एक ओळ असली तरी पुरे. उपाय एकच: प्रत्येक कॉलमाआधी टेबलाचं टोपणनाव लिहायचं. बि.ऑर्डर_क्र असं लिहिलं असतं तर डेटाबेसने तिथेच एरर देऊन थांबवलं असतं.

## टप्पा ५: लेफ्ट जॉइन वापरायचाच असेल तर

    सिलेक्ट ऑ.ऑर्डर_क्र
    फ्रॉम ऑर्डर्स ऑ
    लेफ्ट जॉइन बिल्स बि
        ऑन बि.ऑर्डर_संदर्भ = ऑ.ऑर्डर_क्र
    व्हेअर बि.बिल_क्र इज नल;

लेफ्ट जॉइन प्रत्येक ऑर्डर ठेवतो आणि बिल जुळलं नाही तर बिलाच्या कॉलमांत नल भरतो, म्हणून उत्तर नॉट एक्झिस्ट्ससारखंच येतं. फक्त तीन ठिकाणी पाय घसरतो.

१. नलची तपासणी उजव्या टेबलाच्या प्रायमरी कीवरच करा. बि.पेमेंट_तारीख इज नल असं लिहिलंत तर बिल निघालेल्या पण पैसे न आलेल्या ऑर्डरही यादीत घुसतात.

२. बिलावरची अट ‘ऑन’मध्ये हवी. बि.स्थिती = 'चालू' ही अट ‘व्हेअर’मध्ये गेली तर एकाच ओळीकडून बिल नसण्याची आणि त्या नसलेल्या बिलाची स्थिती चालू असण्याची अपेक्षा होते. उत्तर: शून्य ओळी.

३. ऑर्डरवरची अट ‘व्हेअर’मध्ये हवी. ती ‘ऑन’मध्ये गेली तर उलटा प्रकार होतो. लेफ्ट जॉइन डावीकडची एकही ओळ गाळत नाही, त्यामुळे मार्चबाहेरच्या सगळ्या ऑर्डर ‘बिल नसलेल्या’ म्हणून समोर येतात.

## टप्पा ६: पूर्ण ओळ ताडायची असेल तर एक्सेप्ट

डेटाच्या स्थलांतरानंतर जुनं आणि नवं टेबल ताडून बघायचं असेल, तर फक्त की पुरत नाही. रक्कम, तारीख सगळंच जुळायला हवं. तिथे पहिल्या यादीतून दुसरीतल्या ओळी वजा करणारा एक्सेप्ट कामाचा. ऑरॅकलमध्ये तेच काम मायनस करतं, आणि मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ पासून आहे.

    सिलेक्ट ऑर्डर_क्र, तारीख, रक्कम फ्रॉम जुन्या_ऑर्डर्स
    एक्सेप्ट
    सिलेक्ट ऑर्डर_क्र, तारीख, रक्कम फ्रॉम नव्या_ऑर्डर्स;

एक्सेप्ट दोन नल सारखे मानतो, ते इथे सोयीचं. मात्र तो डुप्लिकेट काढून टाकतो: जुन्यात एक ओळ दोनदा आणि नव्यात एकदा असेल तर फरक दिसणार नाही. तसंच कॉलम नावाने नव्हे, क्रमाने जुळवले जातात. तारा वापरून दोन टेबलं ताडली आणि कॉलमांचा क्रम वेगळा असला, तर प्रकार जुळत नसल्यास एरर येईल. जुळत असल्यास भलतंच उत्तर येईल. कॉलमांची नावं लिहाच, आणि क्वेरी दोन्ही दिशांनी चालवा.

## टप्पा ७: उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी

ताळमेळ. तीन आकडे काढा: एकूण ऑर्डर, एक्झिस्ट्सने मिळालेल्या, नॉट एक्झिस्ट्सने मिळालेल्या. बाहेरच्या अटी तिन्हींत त्याच ठेवा. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकीच यायला हवी. चालू डेटाबेसवर हे आकडे वेगवेगळ्या क्षणी काढले तर मधल्या नव्या ओळींमुळे फरक पडतो. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलमध्ये रिपीटेबल रीडच्या (सुरुवातीचंच चित्र शेवटपर्यंत दाखवणाऱ्या) एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये काढा किंवा प्रतीवर काम करा.

मात्र हा ताळमेळ टप्पा २ मधल्या चुका पकडत नाही. स्पेसमुळे न जुळलेली ऑर्डर बेरजेत बिनबोभाट बसते.

पेरलेली ओळ. म्हणून चाचणीच्या प्रतीवर एक ऑर्डर मुद्दाम बिलाशिवाय घाला, आणि एक नल संदर्भाचं बिलही घाला. क्वेरीत ती ऑर्डर दिसलीच पाहिजे. मग तिचं बिल घाला. आता ती गायब झाली पाहिजे. शून्य उत्तर खरं की खोटं, हे ओळखायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

नमुना. यादीतल्या काही ऑर्डर उचला आणि त्यांचं बिल हाताने शोधा, क्रमांकाऐवजी रक्कम आणि तारखेवरून. सापडलं तर बिल आहे, जुळणी चुकते आहे. परत टप्पा २.

उत्तर अपेक्षेपेक्षा फार मोठं आलं तरी सावध व्हा. सगळ्याच ऑर्डर ‘सुटलेल्या’ निघाल्या तर बहुधा कीचा प्रकार किंवा लेखनपद्धत वेगळी आहे. आणि यादीत सगळ्यात ताज्या ऑर्डरच असतील, तर बिल कदाचित काही मिनिटांनी निघतं. शेवटचा तास वगळून पुन्हा चालवा.

## टप्पा ८: क्वेरी संपतच नसेल तर

बिल्समधल्या ऑर्डर_संदर्भावर इंडेक्स आहे का ते आधी बघा. फॉरेन की (दुसऱ्या टेबलात ती ओळ असायलाच हवी असं बंधन) आहे म्हणजे इंडेक्स असेलच, हे मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत खरं आहे, पोस्टग्रेसमध्ये नाही. मग एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल तो प्लॅन दाखवणारी आज्ञा) चालवा. प्लॅनमध्ये अँटी जॉइन (न जुळणाऱ्या ओळी थेट शोधणारी पायरी) दिसला की बहुधा ठीक चाललं आहे. जुळणीच्या कॉलमावर ट्रिम किंवा लोअर गुंडाळलं असेल तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. डेटा एकदाच साफ करून ठेवणं केव्हाही बरं.

## टप्पा ९: सापडलेल्या ओळींचं पुढे काय

यादी लगेच वेगळ्या टेबलात साठवा, क्वेरी चालवल्याच्या वेळेसह. दुरुस्ती सुरू झाल्यावर मूळ यादी पुन्हा मिळत नाही.

ओळी दुसऱ्या टेबलात भरायच्या असतील तर इन्सर्ट आणि सिलेक्ट एकत्र करून तीच नॉट एक्झिस्ट्सची अट ठेवा. पण दोन जणांनी एकाच वेळी ती चालवली तर दोघांनाही ‘ओळ नाही’ असंच दिसू शकतं आणि ती दोनदा भरली जाते. एका कीची एकच ओळ असायला हवी असेल तर ते नॉट एक्झिस्ट्सवर सोडू नका. टेबलावर युनिक (तीच की दोनदा येऊ न देणारं) बंधन घाला.

उलट दिशेच्या, म्हणजे ऑर्डर नसलेल्या बिलांच्या, बाबतीत साफसफाईनंतर फॉरेन की लावा. पोस्टग्रेसमध्ये ती आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडता येते, म्हणजे नव्या ओळींना नियम लागू होतो आणि जुन्या ओळींची तपासणी व्हॅलिडेट कन्स्ट्रेंटने सवडीने करता येते. मायएसक्यूएलमध्ये डेटा भरताना फॉरेन कीची तपासणी तात्पुरती बंद केली असेल तर ती परत चालू केल्यावर मधल्या काळात आलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. त्या शोधायला वरची क्वेरी उलट्या दिशेने, बिल्सकडून ऑर्डर्सकडे, पुन्हा चालवावी लागते. तेव्हा आत बाहेर टेबलांची अदलाबदल करा, आणि ‘बि.ऑर्डर_संदर्भ इज नॉट नल’ ही अट बाहेरच्या व्हेअरमध्ये घाला; नाहीतर थेट निघालेली सगळी बिलं अनाथ म्हणून यादीत येतील.